कपाटातला फोन

घड्याळं दुरुस्त करणारा घड्याळजी मित्रांच्या ग्रुपवर दिवसाला दोनशे मेसेज टाकायचा. जेवतानाही सवय सुटेना, तेव्हा त्याने स्वतःच्याच चिमट्याने फोनची बॅटरी काढली आणि फोन कपाटात ठेवून दिला. आठवडा सुखात गेला.

आज दुपारी चहा पिताना बायको म्हणाली, "अहो, अंगठा काय चालवताय?"

त्याचा अंगठा टेबलावर खालून वर सरकत होता. दर वेळी कपाटातून बारीक आवाज यायचा. टुंग.

"बॅटरी काढलीत ना?"

"ही काय, डबीत आहे!"

बायकोला ग्रुप कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं. तिने हसून त्याचा अंगठा मुठीत धरला. आवाज थांबला. त्याला हायसं वाटलं.

मग तिचा अंगठा त्याच्या हातावरून हलकेच वर सरकला. ती शांतपणे चहा पीत होती.

टुंग.