निळ्या शेपटीचा चतुर

केळुसकर गुरुजी दलदलीत कमरेपर्यंत रुतले आणि ज्याच्यामागे ते धावत आले होते, तो निळ्या शेपटीचा चतुर आरामात त्यांच्याच टोपीवर येऊन बसला. निवृत्तीनंतर गावातल्या किड्यांची नोंदवही ठेवणाऱ्या गुरुजींना त्याने तीन वर्षं हुलकावणी दिली होती.

गवत कापणाऱ्या शेवंतीवहिनींनी धावत येऊन काठी पुढे केली. "गुरुजीनू, धरा. खाली चाललात."

"आधी त्याच्या शेपटीवरचे पट्टे मोजा," गुरुजी मान न हलवता पुटपुटले.

"चार," वहिनी वाकून म्हणाल्या. "पण ह्यो तर आमच्या म्हशीच्या पाठीर रोज बसता."

त्यानंतर गुरुजी दलदलीत उतरले नाहीत. रोज सकाळी वही घेऊन ते म्हशीमागून फिरू लागले. म्हशीनेही फारसं मनावर घेतलं नाही.