दर्भाचा कावळा

"माझ्या बाबांचं सगळं मी स्वतःच्या हातांनी करणार!" असं सुकृतने ठणकावून सांगितलं. सांगितलं ते मेलबर्नहून, फोनच्या पडद्यावरून. "फक्त माझी प्रॉक्सी तुम्ही, काका."

काका म्हणजे शेजारचे आठल्ये सर. हजेरीला मित्राची प्रॉक्सी लावणाऱ्या पोरांना त्यांनी नोकरीभर वर्गाबाहेर काढलं, आणि आज सुकृतच्या बाबांच्या, म्हणजे विसूच्या दहाव्याला तेच दुसऱ्याच्या जागी ओलेत्याने घाटावर बसले होते. एका हातात पळी, दुसऱ्या हातात सुकृत.

पिंपळावर कावळे बक्कळ होते, पण पिंडाला शिवायला एकही खाली येईना. ऊन चढलं तसा गुरुजींनी दर्भाचा कावळा वळायला घेतला. "खरा नाही शिवला, तर हा शिववायचा. चालतं."

"वा! म्हणजे कावळ्याचीसुद्धा प्रॉक्सी!" सुकृत खूश झाला. "मग उरकाच, काका. मला मीटिंग आहे."

सरांना शिसारी आली. त्यांनी फोन पायरीवर पालथा टाकला आणि पिंडासमोर हात जोडले. "विसू, मुलगा गैरहजर आहे रे. तो काही यायचा नाही. मी आलोय, माझ्याच नावाने."

पिंपळावरून एक कावळा सरळ खाली उतरला आणि पिंडाला शिवला. "शिवला, शिवला!" गुरुजी ओरडले; त्यांच्या हातातला दर्भ तसाच राहिला. सर उपरण्याने डोळे पुसू लागले, तोच पायरीवरून आवाज आला.

"काका, इकडे नुसता अंधार दिसला. त्याला परत एकदा शिवायला सांगता का? रेकॉर्डिंग राहिलंय."