दाराजवळची खुर्ची

"दाराजवळची खुर्ची आलेल्या माणसाले देत जाय वं, उठावंसं वाटलं तर त्याले आडवं कोणी नको." नागपुरात सदरच्या समुपदेशन केंद्रातल्या मोठ्या बाईंचं हे सांगणं रुचिकानं व्रतासारखं पाळलं. मिहानमधल्या कंपनीत मनाला धीर देणाऱ्या ॲपचे स्क्रीन आखायला लागल्यावरही तिनं 'बंद करा' बटण सर्वांत वर ठेवलं. संकष्टीला तिच्या शब्दावर ॲप घेतलेल्या मैनाबाईंचा सावनेरहून फोन आला. "बंद कराले गेली का ते ॲप इचारते, 'तुम्हीही सोडून चाललात?' पोरं सोडून गेले, मी कशी सोडू मॅडम? फोन ठेववतच नाही." टाकलेल्या माणसाला कुणाला टाकवत नाही, हे रुचिकानंच कंपनीच्या धर्मेंद्रसरांना विश्वासानं सांगितलं होतं. "तुमच्याकडूनच शिकलो," त्या प्रश्नाबद्दल विचारल्यावर सर हसले. "कोणी उठूनच नाही राहिलं." 'अडकू देणार नाही,' हा मैनाबाईंना दिलेला शब्द पाळायला ती उपाशीच सावनेरच्या बसकडे निघाली.