खाऊन खाऊन कंटाळा

“हे तुमच्या आईचं कार्ड,” डॉक्टरीणबाई म्हणाली, “पण ते खरंच तिचं आहे का, याचीच खात्री नाही.”

मिस्त्रीनं पुढे केलेला हात तसाच राहिला. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. बाराव्या मजल्यावर लोंबकळतानाही त्याचे हात थरथरत नसत. आज मात्र इस्त्रीचा सदरा घालून तो तासभर आधीच येऊन बसला होता आणि सोबत आणलेल्या मावशीला तीनदा वेळ विचारून झाली होती.

बावन्न वर्षांपूर्वी या दवाखान्यात गरोदर बायकांना दर महिन्याला विचारायचे, काल काय काय खाल्लं. नर्स ते कार्डावर उतरवून घ्यायची. आता त्या बायकांची मुलं शोधून तपासत होते. आईच्या पोटात काय मिळालं आणि पुढे शरीरानं काय भोगलं, ते बघायला. बोलावणं रक्त देण्याचं होतं. मिस्त्री आला होता कार्डासाठी. त्याला दात फुटायच्या आत आई गेली. मागे फोटो नाही, कपड्याचा तुकडा नाही. आईचा विषय निघाला की मावशी उठून जायची.

“वाचा तर खरं,” तो म्हणाला.

“सातवा महिना. सकाळी पेलाभर दूध, दोन अंडी. दुपारी भात, पालेभाजी, वर फळ. संध्याकाळी पुन्हा दूध. आणखी काही खाल्लं का विचारल्यावर...” डॉक्टरीणबाई हसली. त्या नर्सला बायकांचं बोलणं जसंच्या तसं लिहायची खोड होती. “म्हणते, ‘आणखी काय सांगू ताई, खाऊन खाऊन कंटाळा आला.’”

“पुन्हा वाचा.”

तिनं पुन्हा वाचलं. मिस्त्रीचे ओठ सोबत हलले. बावन्न वर्षांत आईच्या तोंडचं पहिलं वाक्य, आणि तेही असं ठसक्यातलं.

“काका, इथंच घोडं अडतंय. एवढं खाणाऱ्या बाईचं बाळ, नऊ महिने पुरे भरून, दोन किलोचंही नव्हतं. साखरेचा आजार तुम्हाला चौतिसाव्या वर्षी. आई उपाशी राहिली की बऱ्याचदा असं होतं. कार्डांची अदलाबदल झाली असणार. आमचे मोठे सर म्हणतात, हे कार्ड बाद करा.”

“म्हणजे ही दुसरीच कुणी बाई?”

“बहुतेक.”

मिस्त्रीनं बाहीचं बटण उगीच काढलं, उगीच लावलं. आत्ता कुठे सापडलेली आई आत्ताच हातची जात होती.

“पोरी, कार्ड उलटं कर,” मावशी खुर्चीतून पुढे झुकून म्हणाली. “मागे मांजर आहे का बघ.”

“मांजर?”

“साय मांजरीला घालते, असं सांगितलं होतं तिनं.”

डॉक्टरीणबाईनं कार्ड उलटलं. अगदी खालच्या कोपऱ्यात, मुंग्यांची रांग असावी तशा अक्षरात होतं: ‘साय आवडत नाही म्हणते. मांजरीला घालते.’

ती खुर्चीच्या कडेला सरकली. “आजी, हे तुम्हाला कसं ठाऊक?”

“मी तिची धाकटी बहीण. नऊ वर्षांची, तिचा हात धरून उभी होते. मागे रांगेत सगळी गल्ली कान टवकारून. त्यांच्यापुढे ती काय सांगणार, चूल पेटली नाही म्हणून? दुधाचा थेंब नव्हता घरात. मांजर कुठली, आमचे उंदीरसुद्धा शेजारी जेवायला जायचे.”

मिस्त्री हसू लागला. हसता हसता डोळे पुसू लागला. “थापाडी होती,” तो म्हणाला, पोरगी परीक्षेत पहिली आल्याचं सांगावं तसा. “डॉक्टर, माझी आई थापाडी होती.”

पण डॉक्टरीणबाईला आता दम नव्हता. सहा वर्षं हेच एक कार्ड तिला आडवं येत होतं. तिनं कोरा कागद ओढला. “आजी, खरं काय खायची ती?”

“सकाळी कोरा चहा. दुपारी पाव.”

“एक?”

मावशी पिशवीच्या बंदाशी चाळा करू लागली. “अर्धा.”

“अर्धाच?”

“उरलेला मला द्यायची. मला भूक फार लागायची, आणि अक्कल नव्हती.” ती मिस्त्रीकडे बघत नव्हती. “याची साखर, याचं सगळं... तो अर्धा पाव याचा होता.”

पेन थांबलं. भिंतीपलीकडे लिफ्ट खडखडत वर गेली. मिस्त्रीचं तिकडे लक्षही नव्हतं. तो उठला. मावशीला दंडाला धरून त्यानं उठवलं आणि रक्त घ्यायच्या खुर्चीत आपल्या आधी तिला बसवलं.

“हिचंही घ्या,” तो म्हणाला. “आणि लिहा, डॉक्टर. लोक दोन जिवांची म्हणतात. माझी आई तीन जिवांची होती.”