थट्टेची सोयरीक

"दियारा आडनावाचा कुणी दिसला की त्याला चिडवायचं, बाळा. त्यांची-आपली थट्टेची सोयरीक आहे; चवळीखाऊ म्हणा की गुलाम म्हणा, कुणी रागवायचं नाही," सेगूतल्या घराच्या अंगणात आई सांगायची. पुढे आबिजानच्या बाजारात इस्त्री करताना झुमाना त्राओरेने ती रीत शेजारच्या सिबिरी दियारा शिंप्यावर रोज पाळली. दोघंही मालीचे, पोटासाठी परमुलखात आलेले.

परवा गावाहून झुमानाला फोन आला, सिबिरीची आई गेली, त्याला बेताने सांग. सांगायला जीभ रेटेना, म्हणून तो नेहमीपेक्षा जास्तच चिडवत राहिला.

"काय रे चवळीखाऊ, शिवतोयस की पेंगतोयस?"

"पेंगलो तर तुझी फाटकी विजार कोण शिवेल, गुलामा?" सिबिरी मान वर न करता म्हणायचा.

आज दुपारी झुमानाने इस्त्री बाजूला ठेवली.

"सिबिरी, भाऊ माझ्या..."

सिबिरीच्या सुईतला दोरा केव्हाच संपला होता. मशीन तेवढं चालत होतं.



"आई गेल्याचं मला तुझ्याआधीच कळलंय, त्राओरे. तू चिडवायचा थांबशील, म्हणून बोललो नव्हतो."