शिशिरगडची सोळा पानं

महान ग्रंथाचा खरा अर्थ त्याच्या विसंगतींत दडलेला असतो, असं सुरतेत बँकेतून निवृत्त झालेल्या सुधाकररावांचं मत होतं. हे मत ते बहुधा दळण आणायचं टाळताना मांडत.

"दळण," वंदनाबाई म्हणाल्या.

"अगं, थांब. पान दोनशे एकोणतीस." त्यांनी 'शिशिरगड' उघडली. एकविसाव्यांदा. "सबंध कादंबरीभर राजाचा घोडा डाव्या डोळ्याने आंधळा. इथे उजव्या!"

खालच्या मजल्यावरचा धर्मेंद्र दारात ताटकळला होता. कडोदऱ्याला कारखान्यात जाता जाता तो पाकीट कुरियरला टाकणार होता.

"काका, घोडा फिरला असेल ने," तो म्हणाला. "तिकडून बघितला तर उजवाच."

सुधाकररावांनी दुर्लक्ष केलं. पाकिटात त्यांचं प्रकाशकाला लिहिलेलं चाळीस पानी पत्र जायचं होतं. कादंबरीची नवी आवृत्ती निघत होती. चुका कळवा, दुरुस्त करू, असं प्रकाशकाने वाचकांना आवाहन केलं होतं. तेव्हापासून सुधाकररावांना जेवण गोड लागत नव्हतं. विसंगतींनी भरलेली सोळा पानं दुरुस्त झाली, की छत्तीस वर्षांचं चिंतन रद्दीत; म्हणून त्यांना हात लावू नका, असं हे पत्र.

"घोडा, आठवा पहारेकरी, मेलेली दासी चंद्रा खीर वाढते ते, सगळं दोनशे पंचवीस ते दोनशे चाळीस एवढ्यातच. बाकी चारशे पानांत एक वेलांटी चुकलेली नाही!"

"एकही नाही?" वंदनाबाईंनी मान वर केली.

"एकही नाही. म्हणजे ही सोळा पानं राजाचं स्वप्न आहेत. उघड आहे."

वंदनाबाई पुन्हा पत्राकडे वळल्या. त्यांची पेन्सिल समासात बारीक खुणा करत होती. सुधाकररावांच्या लिखाणातल्या चुका त्याच काढत. लग्नाआधी त्या धुळ्याला कुठेशी नोकरी करायच्या. कुठे, ते विचारायचं सुधाकररावांकडून राहून गेलं होतं. लग्न झालं आणि 'शिशिरगड' आली ते एकाच वर्षी, आणि सुधाकररावांना ती वाचायची होती.

शेवटच्या पानावर पेन्सिल थांबली. तिथे लिहिलं होतं, 'ज्या अनाम मुद्रितशोधकाने हे गुपित ओळखून या पानांना हात लावला नाही, त्याला माझा साष्टांग नमस्कार.'

"एवढं काढा," त्या म्हणाल्या.

"का?"

"जास्त होतंय."

"कादंबरी न वाचणाऱ्यांनी बोलू नये."

"वाचलीय मी."

"पूर्ण?"

"जवळजवळ."

सुधाकरराव दमल्यासारखे हसले. "तिथेच तर घोडं अडतं तुझं."

"काकी, चालो ने," धर्मेंद्र म्हणाला. "शिफ्ट सुरू होईल माझी."

वंदनाबाईंनी नमस्कार तसाच राहू दिला. पाकीट चिकटवून धर्मेंद्रच्या हातात दिलं, आणि गव्हाचा डबा उचलून स्वतःच गिरणीकडे निघाल्या.

धुळ्याच्या छापखान्यात प्रुफं सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांनी यायची. 'शिशिरगड'ची सगळी त्यांनीच तपासली होती, प्रत्येक गठ्ठा तीन-तीनदा. पंधराव्या गठ्ठ्यावर मात्र न वाचताच सही ठोकली. त्या दिवशी चारच्या आत घरी पोचायचं होतं. सुरतेहून बँकेतला मुलगा बघायला येणार होता.