तसबिरीपुरत्या चिंध्या

“अंग झाकायला लुगडं दिलंत, नि आता तसबिरीसाठी परत चिंध्या नेसू? लाज कशी नाही वाटत तुम्हाला?”

दुष्काळात खडवलीहून ठाण्याला आलेली आवडाबाई पाद्र्याच्या तोंडावर बोलली. पाद्री विलायतेहून मदत घेऊन आला होता. तसबीर तिकडच्या दानशूरांना धाडायची होती. त्याला मराठी कळेना. त्याने दुभाष्या त्र्यंबकाला विचारलं, “काय म्हणते ही?”

त्र्यंबकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नोकरी आठवली नि तो इंग्रजीत म्हणाला, “आपले फार उपकार मानते, साहेब.”

पाद्र्याचे डोळे भरून आले. त्याने तिला हात जोडले आणि पुन्हा चिंध्यांकडेच बोट केलं.

आवडाबाई गर्रकन त्र्यंबकाकडे वळली.

“भटजी, मी एवढी बोलली नि हा हात जोडतो? काय सांगितलंत तुम्ही त्याला? खाली काय बघता, बोला!”